भिंत नसलेलं दार

नदीच्या कोरड्या पात्रात एक दार उभं करायचं, त्याला भिंत नसेल, आणि त्या दारातून आम्ही चौघींनी आत-बाहेर करायचं, एवढंच फोनवर ठरलं होतं. कल्पना चौघींची मिळून. पण "कुणी कुठं थांबायचं, कधी चालायचं, हे सांगणार कोण?" असा प्रश्न निघाला तेव्हा तिघींनी एका दमात माझं नाव घेतलं. मी दौंडच्या एका पतसंस्थेत खातेवह्या सांभाळते. कॅमेऱ्याच्या मागं मी कधी उभी राहिले नव्हते. तरी हो म्हटलं. विचार करायला सवड नव्हती, कारण ते दार विकलं जाणार होतं.

दार कुठलं ते आधी सांगते.

तळेगाव ढमढेरे हे आमचं माहेर. नगर रस्त्यानं शिक्रापूरपर्यंत यायचं आणि तिथून आत वळायचं. मावळातलं तळेगाव दाभाडे वेगळं. ढमढेरे हे पेशवाईतलं सरदार घराणं, त्यांचं नाव गावाला लागलं. 1751 साली सलाबतजंगाची फौज फ्रेंच सेनानी बुसीला घेऊन पुण्याच्या रोखानं आली, तेव्हा वाटेत रांजणगाव लुटलं गेलं आणि आमचं तळेगाव उद्ध्वस्त झालं. गाव पुन्हा उभं राहिलं, वाडे पुन्हा बांधले गेले. आता तेच वाडे एकेक करून खाली येताहेत. यात मला कुणाचा दोष दिसत नाही. माळवद गळतं, पांढऱ्या मातीची भिंत फुगते, तीन भावांत चार खण कसे वाटायचे हा प्रश्न सुटत नाही, आणि रात्री पावसात तुळई करकरली की म्हाताऱ्या माणसाला झोप लागत नाही. ज्याला तिथं राहायचं आहे त्यानं स्लॅब टाकला तर त्याला नावं ठेवायचा अधिकार दौंडला फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मला नाही.

आमचं दार एका मैत्रिणीच्या घराचं. ते घर सरदारी नव्हतं. पण सोपा, माजघर, देवघर, मागं परसदार असं ऐसपैस होतं, म्हणून शाळेत आम्ही तिला वाडेवाली म्हणायचो. दुसरी सगळ्यांची पाढ्यांची उजळणी घ्यायची ती मास्तरीण, आता ती खरोखरच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिसरी मळेवाली, तिचं सासरही गावातच, ऊस आणि कांदा करते. चौथी मी. दहावीपर्यंतचा अभ्यास, दिवाळीचा किल्ला, संक्रांतीचं हळदीकुंकू, सगळं त्या एका ओसरीवर झालं. घर पाडलं तेव्हा वाडेवालीच्या काकांनी दर्शनी दाराची सागवानी चौकट दारांसकट काढून गोठ्यात ठेवली. पुढं जुन्या लाकडाचा एक व्यापारी येऊन पाहून गेला. अशा चौकटी पुण्याकडच्या फार्महाउसांना आणि हॉटेलांना लागतात. भाव ठरला. वाडेवालीनं आम्हाला फोन केला तो रडायला नव्हे. ती म्हणाली, "अगं, या दारात आपला एकही फोटो नाही."

खरंच नव्हता. घरात फोटो होते ते लग्नांतले, आणि एक तिच्या आजीचा, जत्रेत काढलेला. आमच्या भागातल्या जत्रांत पूर्वी फोटोवाल्याचा तंबू असायचा. मागं रंगवलेला पडदा, त्यावर ताजमहाल किंवा धबधबा, कधी पुठ्ठ्याचं विमान, त्याच्या खिडकीतून डोकं बाहेर काढायचं. ज्या बाईनं आयुष्यात एसटीखेरीज वाहन पाहिलं नाही ती विमानात बसून घरी यायची. आजी त्या फोटोत पुठ्ठ्याच्या चंद्रकोरीवर बसली आहे, शेजारी आणखी एक बाई, दोघींच्या चेहऱ्यावर जगात काहीच अवघड नसल्यासारखा भाव. ती दुसरी बाई कोण, हे आज घरात कुणालाच सांगता येत नाही. फोटोच्या मागं काही लिहिलेलं नाही.

हा फोटो चौघींनी व्हॉट्सअॅपवर पुन्हा पुन्हा पाहिला. आपल्यालाही असंच काहीतरी हवं, हे त्यातूनच सुचलं. दार तर गोठ्यात पडलंय, भिंत उरली नाही, मग भिंतीशिवायच उभं करू. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत वेळ नदीच्या पात्रात आम्ही दगडांच्या रांगा लावून घर मांडायचो. ही माझी खोली, हे तुझं स्वयंपाकघर, आणि रांगेत जिथं दगड नाही ते दार. रांग ओलांडून कुणी आलं तर भांडण व्हायचं. तेच घर मोठेपणी मांडायचं आणि या खेपेला त्याला खरं दार लावायचं.

मळेवालीचा धाकटा भाऊ लग्नाचे फोटो काढतो. त्याला सगळ्या भाऊच म्हणतो. त्यानं लगेच होकार दिला, पण पहिला प्रश्न असा केला, "ताई, थीम काय?" मी म्हटलं, दार. तो म्हणाला, "ते प्रॉप झालं. थीम सांगा, म्हणजे कपड्यांचे रंग ठरवता येतील." मग त्यानं प्रीवेडिंगचे अल्बम दाखवले. आता या भागात साखरपुडा झाला की प्रीवेडिंग होतंच. रंगीत धूर, लांब शेपटीचा गाऊन, वरून ड्रोन, हातात हात घेऊन पाठमोरं चालणं. काम नेटकं होतं, उजेड सुंदर होता. पण जोडपी बदलत गेली तरी फोटो बदलत नव्हता. आपल्याला हे नको, एवढं मला कळलं. पण मग काय हवं, ते सांगता येईना. रात्री भांडी घासताना, दुपारी पतसंस्थेत बसल्यावर डोक्यात तेच चालू. दार उभं केलं, आम्ही शेजारी उभ्या राहिलो, भाऊनं बटण दाबलं. पुढं काय?

धीर यावा म्हणून मी वाचायला घेतलं ते दादासाहेब फाळक्यांबद्दल. शाळेत शिकलेलं तेवढंच ठाऊक होतं, 1913, राजा हरिश्चंद्र. आता दुसऱ्या गोष्टींकडं लक्ष गेलं. चित्रपटाला पैसा उभा करण्यासाठी त्यांनी आधी एका रोपट्याची वाढ टिपून दाखवली होती. बी रुजतं, कोंब येतो, पानं फुटतात, एवढाच विषय. तारामतीचं काम करायला बाई मिळेना म्हणून अण्णा साळुंके यांनी ती भूमिका केली, रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा. सरस्वतीबाई फाळके सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या, फिल्मला भोकं पाडायच्या, आणि उजेड परतवण्यासाठी उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहायच्या, असं सांगतात. हे वाचून मला फार बरं वाटलं. आपल्याकडं या कामाची सुरुवातच घरच्या माणसांनी, घरच्या चादरींनी झालेली आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी 1920 साली सैरंध्री केला. ते मुळात नाटकाचे पडदे रंगवणारे चित्रकार, त्यामुळे चित्रीकरणाआधी वेश आणि प्रसंग कागदावर काढून घ्यायचे. मला चित्र काढता येत नाही. पण मुलाच्या वहीतला चौकटीचा कागद घेतला आणि त्यावर काड्यांची माणसं काढली. पहिल्या चौकटीत दार बंद, बाहेर एक बाई पिशवी घेऊन. दुसऱ्या चौकटीत दार अर्धं उघडं. तिसऱ्यात... इथं मी अडले. दार उघडणारी बाई काय करत होती, दार उघडण्याआधी?

हा प्रश्न पडला तिथं माझं काम सुरू झालं असं मला वाटतं. मी तिघींना एकेक फोन केला आणि एवढंच विचारलं, "त्या घरात तू सगळ्यात जास्त काय केलंस?" वाडेवाली म्हणाली, उंबऱ्यावर रांगोळी काढली, रोज सकाळी, शाळेला उशीर झाला तरी. मास्तरीण म्हणाली, ओसरीवर भिंतीला टेकून मोठ्यानं वाचलं, कारण तिच्या घरी मोठ्यानं वाचायला जागा नव्हती. मळेवाली म्हणाली, "मी कधी पुढच्या दारानं आलेच नाही. परसदारानं यायचे, ऊस नाहीतर चिंचा घेऊन." आणि मी? मी कडी वाजवायचे. माझं घर आळीच्या टोकाला, सगळ्यात शेवटी पोचणारी मी. भाऊला फोन करून सांगितलं, थीम वगैरे ठाऊक नाही, पण चौघींना काम मिळालं आहे. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मग कपडे रोजचेच घाला, ताई."

जागा पाहायला आम्ही रविवारी गेलो. दौंडहून मी चौफुल्याला आले, तिथून केडगाव, पारगावजवळ भीमेचा पूल, मग न्हावरे. वाटेत गुऱ्हाळांच्या काहिलींचा वास गाडीत शिरतो, तो मला माहेर जवळ आल्याची खूण वाटतो. वेळ नदी खेड तालुक्यात सह्याद्रीच्या एका सोंडेवर उगम पावते आणि खाली येऊन भीमेला मिळते. पावसाळ्यात तिला जोर असतो, चासकमानच्या कालव्याचं पाणी असलं तर काठचे ऊस हिरवेगार असतात, पण फेब्रुवारीत पात्राचा मोठा भाग मोकळा पडतो. खडे, मुरूम, कडेला लव्हाळा आणि वेड्या बाभळी. भाऊनं दुपारी बारा वाजता माझा एक फोटो काढून दाखवला. डोळ्यांच्या खोबणीत काळोख, नाकाची सावली ओठावर. मग म्हणाला, "हे ऊन डोक्यावरचं. सकाळी पहिले दोन तास आणि संध्याकाळी शेवटचे दोन, बाकी वेळ चहा प्यायचा." या दिवसांत आमच्याकडं सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि साडेसहाच्या पुढं मावळतो. मावळल्यानंतरही वीस-पंचवीस मिनिटं आभाळात मऊ उजेड राहतो, फोटोवाले त्याच उजेडासाठी थांबतात. माझ्या वहीत दोन चौकटी त्या वेळेच्या होत्या, दारात टांगलेला कंदील पेटलेला.

मळेवालीचे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, बांधावर उभे होते. ते म्हणाले, "ते कंदिलाचं राहू द्या. अंधार पडायच्या आत पात्रातून वर यायचं." पलीकडं ऊस उभा होता. आमचा शिरूर तालुका बिबट्यांच्या जुन्नर वनविभागात मोडतो. उसात बिबट्याची मादी पिलं घालते, पिलं उसातच मोठी होतात, त्यांना तेच रान. आमच्या तालुक्यात माणसं गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत. संध्याकाळी मूल अंगणात एकटं सोडत नाहीत, बायका रानात निघाल्या की दोघी-तिघी मिळून. आबांनी वेळ सांगितली, सकाळी ऊन वर आल्याशिवाय उतरायचं नाही, संध्याकाळी साडेपाचला आवरायचं. म्हणजे सगळ्यात चांगला उजेड दोन्ही बाजूंनी कापला गेला. भाऊ हळहळला. मी कंदिलाच्या चौकटींवर काट मारली आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही. फोटोपायी मैत्रिणींना उसाच्या कडेला अंधारात उभं करणं मला जमलं नसतं.

दार उभं करणं हे खरं कष्टाचं काम निघालं. चौकट जड, दोन्ही दारं लावल्यावर तर चार माणसांना उचलेना. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवत अंथरून ती आडवी घातली आणि पात्रात उतरवली. गावातले एक सुतारकाका ओळंबा घेऊन आले. त्यांनी सांगितलं की भिंतीतली चौकट भिंतच धरून ठेवते, मोकळी चौकट दाराच्या वजनानं पुढं ओढली जाते, दार उघडलं की आणखी. त्यांनी पायाशी खड्डे घेऊन चौकटीचे पाय दगडांनी ठोकून बसवले, मागून दोन बांबूंचे टेकू दिले, टेकूंच्या बुडाशी मुरमानं भरलेल्या गोण्या ठेवल्या. कॅमेऱ्याच्या बाजूनं ते टेकू दिसू नयेत म्हणून लव्हाळा कापून आडवा लावला. उंबरा सपाटीत बसला आहे का ते पाहायला काकांनी त्यावर पाण्याचे चार थेंब टाकले. थेंब जागेवर राहिले. मग म्हणाले, "आता उघडा."

हे चाललं असताना मोटारसायकलवरून एक गृहस्थ काठावर थांबले. नदीत ट्रॅक्टर, ट्रॉली, फावडी, गोण्या. त्यांनी वरूनच विचारलं, "वाळू काढताय काय?" भीमा आणि घोड नदीच्या काठी वाळूउपशाचा प्रश्न जुना आहे, त्यांचा संशय रास्त होता. आबांनी हाक मारून त्यांना खाली बोलावलं. ते आले, दाराकडं बघत राहिले, आणि म्हणाले, "हे अमक्यांचं दार ना? मी लहानपणी इथं दूध घालायला यायचो." मग त्यांनी मोटारसायकल वर लावली आणि संध्याकाळपर्यंत आमच्या बरोबर राहिले. पांढरा थर्माकोलचा तक्ता हातात धरून सावलीतल्या चेहऱ्यावर ऊन परतवायचं काम त्यांनीच केलं. किती तिरका धरायचा हे भाऊनं त्यांना एकदाच सांगितलं.

दार उभं राहिल्यावर मी ते जवळून पाहिलं. इतकी वर्षं त्यातून गेले होते, पाहिलं कधी नव्हतं. वर गणेशपट्टी, गणपतीच्या सोंडेवर तेलरंगाचे थर चढून नक्षी बुजलेली. हिरव्या रंगाखाली निळा, निळ्याखाली विटकरी, आणि कडीजवळ जिथं रंग झिजला तिथं थेट साग. उजव्या बाजूला, कमरेच्या थोडं वर, लाकूड गुळगुळीत आणि काळपट झालेलं, आत वळताना प्रत्येक जण तिथं हात टेकायचा म्हणून. डाव्या बाजूला पेन्सिलीच्या आडव्या रेघा, मुलांच्या उंचीच्या. त्यांतली एक माझी असणार, मोजून घ्यायला आम्ही सगळ्याच उभ्या राहायचो. वरच्या कोपऱ्यात 2011 च्या जनगणनेचा गेरूतला आकडा पुसट दिसत होता. दोन खिळे तोरणाचे, एक कुलपाच्या किल्लीचा. भाऊला मी म्हटलं, माणसं येण्याआधी या सगळ्याचे फोटो काढ. त्यानं मोठी लेन्स काढून जवळची लावली आणि बराच वेळ गुडघ्यांवर बसून ते काम केलं. त्या दिवशीचे माझ्या मते सगळ्यात मोलाचे फोटो ते आहेत, आणि त्यात आम्ही कुणीच नाही.

मग दगडांच्या रांगा लावल्या. सोपा, माजघर, देवघर, परस. बाभळीच्या फांदीला भिंतीवरचं घड्याळ अडकवलं, दुसऱ्या फांदीला त्या वर्षाचं कालनिर्णय. फडताळ माजघरात, पाट देवघरात. उघड्या नदीत हे सगळं मांडल्यावर मला वाटलं होतं हसू येईल. कुणालाच आलं नाही. वाडेवाली रांगा बघत हिंडली आणि एका ठिकाणी थांबून म्हणाली, "देवघर आणखी डावीकडं." सरकवलं.

पहिले फोटो निर्जीव आले. चौघी दारात, एक पुढं, तिघी मागं, सगळ्यांनी कॅमेऱ्याकडं पाहिलेलं. भाऊ सांगत होता, "हनुवटी खाली, खांदे सैल." खांदे सैल करायचे म्हटलं की ते आणखी ताठ होतात. सगळे माझ्याकडं बघायला लागले, आता काय? माझ्या पोटात गोळा आला. वही उघडली, काड्यांची माणसं पाहिली आणि म्हटलं, कुणीच कॅमेऱ्याकडं बघू नका, आपापलं काम करा. वाडेवाली रांगोळी काढ, पूर्ण होईपर्यंत उठू नको. मास्तरीण, तू वाच, मोठ्यानं. मळेवाली, तू लांब जा, उसाची दोन टिपरं घेऊन परसातून ये. मी बाहेर थांबते. मला हाक येईपर्यंत मी कडी वाजवणार नाही.

भाऊनं विचारलं, "मी काय करू?" मी म्हटलं, तू घरात असल्यासारखा हिंड.

एवढ्यानं सगळं बदललं. वाडेवाली ठिपक्यांवर वाकली आणि कॅमेरा आहे हे विसरली. तिची वेणी पुढं आली, ती मनगटानं मागं ढकलली, अगदी शाळेतल्यासारखी. मास्तरीण आधी हळू वाचत होती, मग तिचा आवाज चढला, मग काठावरची शेरडं हाकणारी पोरं थांबून ऐकायला लागली. मळेवाली दगडाची रांग ओलांडून थेट माजघरात शिरली तेव्हा दोघी एकदम ओरडल्या, "अगं भिंत आहे तिथं!" ती दचकून मागं सरली, वळसा घालून परसदारानं आली. त्या क्षणाचा फोटो भाऊकडं आहे. तिघींची तोंडं उघडी, मळेवालीचा एक पाय हवेत. चालत्या माणसाचा पाय असा स्वच्छ यायचा तर शटर निदान सेकंदाच्या पाचशेव्या भागाचं लागतं, हे मला भाऊनं नंतर समजावलं. तेव्हा त्यानं काही न बोलता ते आधीच लावून ठेवलं होतं.

मी कडी वाजवली. लोखंडी कडीचा सागावर पडणारा तो आवाज उघड्या पात्रात फार लहान वाटला. आतून वाडेवालीचा आवाज आला, "आले गं." दाराच्या दोन्ही बाजूंना मोकळी नदी होती, दोन पावलं बाजूला झाले असते तर मी आत होते. पण मी थांबले. दिवसभरात कुणीच दाराला वळसा घातला नाही. थर्माकोल धरणारे गृहस्थ, सुतारकाका, चहाची किटली घेऊन आलेला मुलगा, सगळे उंबऱ्यावरूनच आले-गेले. शेरडांच्या मागं आलेली एक आजी बराच वेळ लांबून पाहत होती. मी म्हटलं, "या ना आजी." ती आली, उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मग आत पाऊल टाकलं. आत म्हणजे मुरमावर. तिनं चौफेर पाहिलं आणि म्हणाली, "मोकळं हाय घर. वारं येतंय." फोटो काढू का, असं विचारल्यावर ती पाटावर बसली आणि जत्रेतल्या त्या आजीसारखी ताठ झाली. तिला आम्ही सैल व्हायला सांगितलं नाही.

वाडेवालीची आई, आमच्या काकू, दुपारनंतर आल्या. त्यांना आणावं की नाही यावर आमच्यात बोलणं झालं होतं. घर पाडलं त्या दिवसापासून त्या त्या जागेकडं फिरकल्या नव्हत्या. मी त्यांना काही काम नेमलं नव्हतं, नेमायचं धाडसच झालं नाही. त्या गाडीतून उतरल्या, दारापाशी आल्या, उंबऱ्याला हळद-कुंकू लावलं आणि उजवा हात चौकटीवर ठेवला. बरोबर त्या गुळगुळीत जागेवर, न बघता. भाऊ तेव्हा बॅटरी बदलत होता. तो फोटो माझ्या मोबाइलवर आहे, थोडा हललेला. मग त्या म्हणाल्या, "रांगोळीत हळद कमी पडली बघ," आणि बसून ती भरायला लागल्या. पुढचा सगळा वेळ मायलेकी उंबऱ्याशी बसून बोलत होत्या. ऊन उतरायला लागलं, दाराची सावली लांब होत त्यांच्या मागं पसरली, सावलीतही दार उघडंच. भाऊ मला हळूच म्हणाला, "ताई, आता काही सांगू नका." मी सांगितलं नाही. दिग्दर्शन म्हणजे काय याची मला जी थोडी समज आली ती इतकीच. माणसाला त्याचं स्वतःचं काम परत द्यायचं, ते करायला जागा आणि वेळ द्यायचा, आणि ते सुरू झालं की तोंड बंद ठेवायचं. कपड्यांचे रंग, हनुवटीचा कोन, धूर, हे सगळं त्याच्या खूप नंतर येतं. भाऊ माझ्याशी यावर अजून वाद घालतो. त्याच्या गिऱ्हाइकांना एकमेकांची ओळखच महिन्याभराची असते, त्यांना त्यांचं काम कुठून द्यायचं, असं तो म्हणतो. त्याचं म्हणणं मला पटतं. ओळखीच्या माणसांबरोबर काम करायला मिळालं हे माझं भाग्य.

साडेपाचला आबांनी काठावरून हाक मारली. दार उतरवलं, खड्डे बुजवले, गोण्यांतला मुरूम होता तिथंच ओतला. दगडांच्या रांगा तशाच राहू दिल्या, पहिल्या पुरात जातील.

पुढच्या आठवड्यात व्यापारी टेम्पो घेऊन आला आणि चौकट घेऊन गेला. ठरलेले पैसे वाडेवालीच्या काकांना मिळाले. काकूंनी जाताना दाराला पुन्हा कुंकू लावलं. आम्ही फोटोंच्या आठ बाय बाराच्या प्रती काढल्या, मोबाइलमध्ये ठेवून भागणार नव्हतं. प्रत्येकीच्या प्रतीमागं पेन्सिलनं सगळ्यांची नावं लिहिली, उलटून वाचता येतील अशी. सुतारकाकांचं, थर्माकोल धरणाऱ्यांचं, आणि पाटावर बसलेल्या आजीचंसुद्धा, ते तिला विचारून घेतलं होतं. खाली गाव, नदी आणि साल.

तुमच्याकडं असं एखादं दार, जातं, झोपाळ्याची कडी विकायला निघाली असेल, तर विकण्याआधी मैत्रिणींना बोलवा. मोठा कॅमेरा नसला तरी चालेल, एक पांढरी चादर आणि सकाळचं ऊन पुरेल. आमच्या वेळ नदीच्या पात्रात यायचं असेल तर माघ-फाल्गुनात या, पाणी नसतं. ट्रॅक्टर आणणार असाल तर पोलीसपाटलांच्या कानावर आधी घाला, ज्याच्या बांधावरून उतरायचं त्याला विचारा, आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत पात्रातून वर या.